शेपटीखालचा ठिपका

आमच्या विभागातला सिंहाचा हंगाम जानेवारीतल्या एका बुधवारी माझ्या व्हर्लमामाने बंद पाडला.

असं काही झालेलं नाही. आमच्या टिलर क्रीक गावात कुणालाही विचारा. पेट्रोल पंपावर विचारा, चर्चच्या तळघरात विचारा. सगळे हवामानाबद्दल बोलतील. यंदा बर्फ चांगला पडला, म्हणतील. आणि मामाबद्दल विचारलंत तर "व्हर्ल ना? व्हर्ल एकदम मजेत!" असं म्हणून त्याला नेऊन द्यायला तुमच्या हातात एक झाकलेला कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचं भांडं, ठेवतील.

तेव्हा जे झालेलंच नाही, ते मी क्रमाने सांगतो.

सिंह म्हणजे आमचा डोंगरातला सिंह. त्याला आयाळ नाही, गर्जना जमत नाही आणि त्याला जंगलाचा राजा कुणी केलेलं नाही. पिवळट रंगाचं, लांब शेपटीचं, माणसाला बघून वाट बदलणारं ते एक मोठं मांजर आहे. तरी आम्ही सिंहच म्हणतो. दिवसभर कंबरभर बर्फात कुत्र्यांमागे धावल्यावर घरी येऊन 'मांजर मिळालं नाही' असं सांगणं बरं दिसत नाही.

या मांजराच्या शिकारीचे राज्याचे नियम आहेत आणि ते जाड पुस्तिकेत आहेत. त्यातला आमच्या कामाचा नियम एवढाच की प्रत्येक विभागात नर किती मारायचे आणि माद्या किती, याची मर्यादा ठरलेली आहे. माद्यांची मर्यादा अगदी चिमूटभर. ती भरली की विभाग त्या क्षणी बंद होतो. सगळ्यांसाठी, थेट पुढच्या हिवाळ्यापर्यंत. मादी मारणं गुन्हा नाही, हे नीट लक्षात ठेवा. सगळी पंचाईत तिथेच झाली. गुन्हा असता तर मामा आज सुखी असता.

आता, कुत्र्यांनी झाडावर चढवलेलं जनावर नर की मादी हे ओळखायचं कसं? नराच्या शेपटीखाली, चार बोटं सोडून, एक काळा ठिपका असतो. अंगठा उमटवावा एवढा. मादीला तो नसतो. म्हणजे झाडाखाली उभं राहायचं, दुर्बीण लावायची आणि सिंहाने शेपूट बाजूला घेण्याची वाट बघायची. आमच्याकडची मोठमोठी कर्तबगार माणसं आयुष्यातले कितीतरी तास या अवस्थेत काढतात. घरी ती याबद्दल काय सांगतात, मला माहीत नाही.

हा ठिपका अख्ख्या काउंटीला शिकवला तो व्हर्लमामाने. परवान्याआधी शिकाऱ्यांचा जो वर्ग करावा लागतो तो दर वर्षी थंडीच्या तोंडावर चर्चच्या तळघरात मामाच घेतो. त्यासाठी त्याने स्वतः एक भिंतभर तक्ता केला आहे. तक्त्यावर रांगेने सिंहांचे फक्त पार्श्वभाग. वर रविवारच्या शाळेचं नोहाच्या नौकेचं चित्र आहे, त्यातली सगळी जनावरं तुमच्याकडे तोंड करून हसतात; खालच्या तक्त्यावरची सगळी पाठ फिरवून उभी आहेत, जणू नौका चुकली आहे. मामा हातात छडी घेऊन एकेका शेपटीवर टेकवायचा आणि दर वर्षी तेच वाक्य म्हणायचा, "शेपटीखाली बघायला लाजू नका. इथे लाजलात तर पुढे आयुष्यभर लाजाल."

मी त्या वर्गात एकदा नापास झालो. मी फांदीच्या गाठीला नर म्हटलं होतं. मामाने सगळ्यांसमोर छडी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "वेड, तू माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहेस हे इथे कुणाला सांगू नकोस." तेव्हा सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

यंदाच्या वर्गात पहिल्या बाकावर मिसेस क्रोग बसल्या होत्या. आर्डिथ क्रोग. वय सत्तरीपुढे. आमच्या गावात जन्मलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी शाळेच्या बसमधून नेलं-आणलं आहे. मलाही आणि माझ्याआधी मामालाही. त्या कधी कुणावर ओरडल्या नाहीत. मागे पोरं मारामारी करायला लागली की त्या बस रस्त्याच्या कडेला घ्यायच्या, इंजिन बंद करायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि समोरच्या काचेतून बाहेर बघत बसायच्या. बस्. हीटर बंद, बाहेर बर्फ, आत गारठलेली पोरं. ज्याने मारलं तो स्वतःहून उठून पुढे येऊन माफी मागेपर्यंत बस जागची हलायची नाही. त्याने माफी मागितली की त्या विचारायच्या, "कशाबद्दल रे?" जणू त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. आमच्या गावातली सगळी माणसं सरळमार्गी निघाली याचं कारण लोक चर्च समजतात. कारण ती बस आहे.

मिसेस क्रोगना शिकारीची हौस नव्हती. त्यांच्याकडे डीकन होता. डीकन म्हणजे त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा हाउंड, वासावर माग काढणारा शिकारी कुत्रा. लांब कानांचा, मागचे पाय धरलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, फक्त नाक शाबूत. हा त्याचा शेवटचा हिवाळा, असं जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. त्याने अजून एकदा सिंह झाडावर चढवावा आणि त्याखाली उभं राहून मनसोक्त भुंकावं, एवढीच त्यांची इच्छा. कुत्र्याला सिंहामागे सोडायचं तर हंगाम उघडा लागतो आणि परवाना लागतो. परवान्याला वर्ग लागतो. म्हणून सत्तरीपुढे त्या तक्त्यासमोर बसल्या. परीक्षेत सगळे ठिपके बरोबर ओळखणाऱ्या त्या एकट्याच.

"सिंह मारणार का तुम्ही?" मी विचारलं.

"ते झाडाखाली ठरवू," त्या म्हणाल्या. "आधी डीकनला झाड तर सापडू दे."

मामाने त्यांना शब्द दिला होता की शनिवारी तो स्वतः त्यांना आणि डीकनला वरच्या सपाट रस्त्याने घेऊन जाईल.

आणि बुधवारी आम्ही गेलो.

"नुसता माग बघून येऊ," मामा म्हणाला होता. "शनिवारी म्हाताऱ्या कुत्र्याला उगाच भटकवायला नको. जवळपास कुठे सिंह आहे ते आज हेरून ठेवू." हेतू इतका चांगला होता की मी दोन सँडविच जास्त घेतले. निघताना नियमाप्रमाणे मामाने वन्यजीव खात्याच्या नंबरावर फोन लावला. तिथे माणूस नसतो, ध्वनिमुद्रित संदेश असतो: अमुक विभाग उघडा, तमुक बंद. आमचा विभाग उघडा होता. माद्यांच्या मर्यादेत मात्र आता एकच शिल्लक होती.

"बंदूक कशाला?" मी विचारलं.

"सवय," मामा म्हणाला.

मामाच्या कुत्र्यांची नावं जज आणि बिस्किट. त्या दोघांना माग बघणं आणि माग काढणं यातला फरक कुणी शिकवलेला नाही. ताज्या बर्फात पंजे दिसले आणि दोघं मामाच्या हातातून सुटून गेली. आम्ही धापा टाकत पोहोचलो तेव्हा ती जळक्या रानात एका पाइनला पुढचे पाय लावून बोंबलत होती. त्या रानाला मागच्या उन्हाळ्यात वणवा लागला होता. झाडं उभी, पण मुळापासून शेंड्यापर्यंत कोळसा. त्यातल्या एकावर सिंह बसला होता. पांढरा बर्फ, काळं झाड, पिवळा सिंह. कॅलेंडरवर छापावं असं.

मी कुत्री बांधली. मामाने दुर्बीण लावली आणि बराच वेळ लावूनच ठेवली. पायांखाली बर्फ करकरत होता. शेवटी वर शेपूट हलली.

"ठिपका," मामा म्हणाला. त्याचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. "स्वच्छ ठिपका. अंगही भरलेलं आहे. मोठा नर."

"मग शनिवारचं काय? मिसेस क्रोगचं?"

"नर आहे रे. नरांची मर्यादा शिल्लक आहे. त्यांच्या वाट्याचं काही जात नाही." मग जरा थांबून, "असा नर माझ्या आयुष्यात कितीदा येणार, वेड?"

गोळी झाडली गेली. सिंह फांद्यांमधून खाली आला आणि बर्फात पडला, आणि त्याचा आवाज उशी पडल्यासारखा झाला. तिथेच मला जरा शंका आली. मोठा नर असा हलका पडत नाही.

मामा पुढे गेला. त्याने हातमोजा काढला, शेपूट उचलली आणि मला जवळ बोलावलं. नापास भाच्याला शिकवायची ही संधी तो सोडणार नव्हता.

"इथे बघ," तो म्हणाला आणि अंगठा ठिपक्यावर ठेवला. "शेपटीपासून चार बोटं. असा गोल..."

अंगठा थोडा सरकला. ठिपकाही त्याच्याबरोबर सरकला.

मामाने पुन्हा घासलं. खालून पांढरट, मऊ, स्वच्छ केस दिसायला लागले. ठिपका मामाच्या अंगठ्यावर आला होता. कोळसा. जळक्या फांदीवर बसताना लागलेला.

ती मादी होती. तिचे डोळे अर्धे उघडे होते आणि मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी झाडाकडे बघितलं. तर तिथे तिच्या नखांचे ताजे ओरखडे होते, आमच्या भीतीने वर चढतानाचे. मी मग माझ्या बुटांकडे बघितलं.

थंडीने मामाचं नाक वाहत होतं. त्याने ते अंगठ्याने पुसलं. अशा रीतीने मामाने स्वतःच्या हाताने स्वतःच्या तोंडाला काळं फासलं आणि ते त्याला कळलंही नाही. मला दिसलं होतं. मी सांगणारही होतो. पण कसं सांगतात?

"मामा," मी म्हटलं, "कोळसा इथे भरपूर आहे. ठिपका परतही लावता येईल."

हा विनोद होता. मामाने त्या जळक्या झाडाकडे विनोदाला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. मग त्याने हातमोजा घातला.

"चल. फोन करायला हवा."

पुढचं सगळं त्याने नियमाप्रमाणे केलं, अगदी कौतुक वाटावं इतकं. नियम म्हणतो, जनावर खात्याच्या कार्यालयात गोठलेलं न आणता दाखवावं, कारण वय कळायला तिथे त्याचा दात काढतात आणि गोठलेला जबडा उघडत नाही. बाहेर थंडी अशी की थुंकी वाटेतच टणक व्हावी. ट्रकच्या मागच्या उघड्या भागात ठेवलं असतं तर कार्यालयापर्यंत तिचा दगड झाला असता. म्हणून मामाने तिला पुढच्या सीटवर बसवलं, हीटर लावला आणि कुत्र्यांबरोबर मागे मला बसवलं.

ट्रक सुरू झाला तशी घंटी वाजायला लागली. सीटवर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही, हे ट्रकला समजत होतं. थोडा वेळ मामाने सहन केलं. मग त्याने ट्रक थांबवला, वाकून तिला पट्टा लावला आणि निघाला.

मागच्या काचेतून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. गावातून जाताना मुख्य रस्त्यावर प्रत्येकाने हात केला. आमच्याकडे समोरून ट्रक आला की हात करतातच. ते हात मी एकेक करून पाहिले. अर्धे वर जाऊन थांबलेले. मामा नाकावर काळं घेऊन प्रत्येकाला उलट हात करत होता आणि शेजारी ती, पट्टा लावून, मान जरा कलती, खिडकीबाहेर बघितल्यासारखी. मिसेस क्रोग टपालपेटीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पूर्ण हात केला.

कार्यालयात वॉर्डन, म्हणजे शिकारीवर नजर ठेवणारी अधिकारी, होती ब्रिना हॉल्वर. तीही मामाचीच विद्यार्थिनी. तिने मामाच्या नाकाकडे बघितलं, मग चटकन टेबलाकडे.

"मिस्टर ऑस्बी, कसे आहात?"

"मादी आहे," मामा म्हणाला. "मी नर म्हणून मारली. लिही."

ब्रिनाने बघितलं. जिथे ठिपका होता तिथे अजून थोडी काजळी होती. तिने ओल्या कापसाने ती हळूच पुसली, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. मग दूध तपासलं. "पिल्लं पाजत नव्हती," ती म्हणाली आणि मामाने त्या दिवसातला पहिला श्वास सोडला. जबडा उघडा ठेवायला त्याने आठवणीने काडी लावून आणली होती. ब्रिना म्हणाली, "असं सगळं व्यवस्थित कुणीच आणत नाही." हे ती चांगल्या मनाने म्हणाली. मामाने डोळे मिटून घेतले.

"दंड किती?" त्याने विचारलं.

"कसला दंड?"

"मादी मारल्याचा."

"मर्यादेत होती, मिस्टर ऑस्बी. शेवटची होती, पण मर्यादेतली. सगळं कायदेशीर आहे."

"मी शिकवतो, ब्रिना. तक्ता माझा आहे. शिकवणाऱ्याला काहीतरी जास्त असेल."

ब्रिनाने खरंच पुस्तिका उघडली. पानं उलटली. "रात्री शिकार केली असती तर आहे," ती म्हणाली. "अंगावर ठिपके असलेली लहान पिल्लं मारली असती तर आहे. मांस वाया घालवलंत तर आहे."

"नाही घालवणार."

"मग काही नाही. सॉरी."

मामा उठून बाहेर गेला. खिडकीतून आम्हाला दिसलं की त्याने ट्रक अपंगांसाठी राखलेल्या जागेत नेऊन लावला आणि आत येऊन पुन्हा बसला. ब्रिना बाहेर गेली, ट्रक स्वतः हलवून नीट जागेवर लावून आली आणि किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. "तुमचं लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

मग तिला तिचं काम करावं लागलं. माद्यांची मर्यादा भरली होती. फोनवरचा संदेश तिथल्या तिथे बदलायचा असतो. तिने रिसीव्हर उचलला, घसा खाकरला आणि सरकारी आवाजात बोलली, "विभाग एकवीस. माद्यांची मर्यादा पूर्ण झाली आहे. विभाग पुढील हंगामापर्यंत बंद आहे."

आणि खुर्चीत बसलेला मामा, कुणाकडेही न बघता, म्हणाला, "सॉरी."

ब्रिनाने बटण दाबलं होतं की नव्हतं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. संध्याकाळी मी नंबर लावून बघितला. ब्रिनाचा आवाज, विभाग एकवीस, बंद आहे, आणि मागे लांबून, विहिरीतून आल्यासारखं: सॉरी.

आजूबाजूच्या सगळ्या विभागांचे शिकारी रोज सकाळी तो नंबर लावतात. कायदाच आहे तसा. म्हणजे मामा रोज सकाळी साऱ्या काउंटीची घरोघरी, कॉफीच्या वेळी माफी मागत होता, आणि फोन ध्वनिमुद्रित असल्याने त्याला उत्तर द्यायची सोय नव्हती.

गुरुवारी कॅसरोल यायला सुरुवात झाली. मामी हिवाळ्यात अ‍ॅरिझोनाला तिच्या बहिणीकडे असते, त्यामुळे दारात मामाच जायचा. बटाट्याचे, टूना माशाचे, नूडल्सचे. वर चीज करपलेले, कडेला नावाची चिकटपट्टी लावलेले. आमच्याकडे माणूस गेल्यावर आणतात तसे. आणणारा म्हणायचा, "सहज जास्त झालं होतं." मामा म्हणायचा, "अरे, परवाचं ते..." आणि तो म्हणायचा, "परवाचं काय? बर्फ काय मस्त पडलाय!" आणि निघून जायचा.

"एकानेही शिवी दिली नाही," मामा मला म्हणाला. फ्रिजचं दार लागत नव्हतं, तो पाठीने दाबून उभा होता. नाकावरचं काळं गेलं होतं. कधी गेलं, आरशात बघून त्याला काय वाटलं, हे मी विचारलं नाही. "एकाने जरी येऊन 'व्हर्ल, तू गाढव आहेस' म्हटलं ना, तर मी पुढच्या वर्षी तक्त्यापुढे उभा राहू शकेन. नाहीतर कसा राहणार? छडी टेकवून काय सांगू?"

"मी म्हणू का? गाढव?"

"तू गाठीला नर म्हणाला होतास," मामा म्हणाला. "तुझं धरत नाहीत."

शुक्रवारी तो मिसेस क्रोगकडे गेला. मला बरोबर नेलं, कारण एकट्याने जाववेना. त्या दारात आल्या. आतून ओव्हनचा वास येत होता. मामाने टोपी काढली.

"मिसेस क्रोग, मी माफी मागायला आलोय."

त्यांनी हात एप्रनवर ठेवले आणि त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघितलं.

"कशाबद्दल रे?"

मामा पुन्हा लहानपणीच्या बसमध्ये होता. मी बाजूला उभा होतो आणि मला इंजिन बंद झाल्याचं अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"सिंहाबद्दल," तो म्हणाला. "विभाग बंद झाल्याबद्दल. तुमच्या शनिवारबद्दल. डीकनबद्दल."

"अरे, काही झालेलं नाही, व्हर्ल," त्या म्हणाल्या. "जरा थांब हं." आणि आतून कॅसरोल घेऊन आल्या. गरम होता. मामाने तो टोपीत धरला.

परत येताना तो म्हणाला, "माफी मागितली की त्या बस सुरू करायच्या ना?"

"करायच्या."

"मग अजून सुरू का नाही झाली?"

शनिवारी सकाळी, ठरल्या वेळेला, मिसेस क्रोग मामाच्या अंगणात आल्या. बंदूक नव्हती. डीकनला नारिंगी जाकीट घातलेलं होतं. ते त्यांनी त्याच्यासाठी नवीन शिवलं होतं, हे मला नंतर कळलं. मामा दारातच थिजला.

"आज निघायचं होतं," त्या म्हणाल्या. "बंद आहे हे मला माहीत आहे, सकाळी फोन लावला होता मी. तुझा आवाज येतो त्यात."

"मिसेस क्रोग..."

"पण याला कसं सांगणार? जाकीट घातल्यापासून दारात उभा आहे. म्हटलं, निदान ट्रकपर्यंत चालवून आणते."

डीकन ट्रककडे निघाला. मागचे पाय ओढत, नाक बर्फात. मागच्या चाकापाशी थांबला. मग पुढच्या. मग पुढच्या सीटच्या दारापाशी आला आणि त्याची मान वर झाली, कान मागे गेले. मिसेस क्रोगनी मामाकडे बघितलं. मामाने जाऊन दार उघडलं.

रिकाम्या सीटवर पिवळे केस होते. पट्ट्यावर थोडे होते.

त्या मोतीबिंदूच्या कुत्र्याने पुढचे दोन्ही पाय उचलून सीटवर ठेवले आणि तो भुंकायला लागला. हाउंड नुसतं भुंकत नाही. ते छातीच्या तळापासून लांब, गाण्यासारखं ओरडतं, आणि वर सिंह असेपर्यंत थांबत नाही. डीकनला वाटत होतं की वर सिंह आहे. त्याच्या लेखी ती सीट म्हणजे झाड होतं आणि सिंह त्यानेच तिथे चढवला होता. गल्लीतले पडदे एकेक करून हलले. मागच्या खोपटातून जज आणि बिस्किटने साथ धरली. मामा उघडं दार धरून, टोपी छातीशी घेऊन उभा होता आणि तो कुत्रा त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, सगळ्या गावासमोर, दम लागेपर्यंत ओरडत होता.

मला हसू आलं. आधी आलं, मग मामाचा चेहरा दिसला, आणि मग ते परत गिळताना फार वाईट गेलं.

डीकन थकला तेव्हा मिसेस क्रोगनी त्याचे पाय उचलून खाली ठेवले आणि त्याच्या कानामागे खाजवलं. "शाब्बास," त्या म्हणाल्या. "चढवलास हं तू." त्यांचा आवाज जरा ओला होता. मग मामाकडे वळून, "थँक यू, व्हर्ल. कॅसरोलचं भांडं सावकाश दे." आणि दोघं हळूहळू घरी गेली. डीकन मार्चमध्ये गेला. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही; जाकीट दोरीवर वाळत घातलेलं दिसलं, तेव्हा कळलं.

बंद विभागात कुत्र्याने रिकाम्या सीटवर सिंह चढवणं बेकायदेशीर आहे का, हे विचारायला मामा सोमवारी ब्रिनाकडे गेला होता. तिने पुस्तिका पाहिली. सीटबद्दल काही नव्हतं.

"बघ मामा, एवढी बोलणी बसली तुला," मी म्हटलं. "सगळ्या गल्लीसमोर. झालं की आता."

"कुत्र्याची धरत नाहीत," मामा म्हणाला.

तक्ता त्याने चर्चच्या तळघरातून काढून आणला आहे. घडी पडू नये म्हणून पलंगाखाली पसरून ठेवला आहे. तो त्यावर झोपतो. पुढच्या वर्गाला कोण, असं पाद्रीने विचारलं तर म्हणतो, बघू. एप्रिलमध्ये वन्यजीव आयोगाची सभा आहे. तिथे कुणीही नागरिक नियमांत दुरुस्ती सुचवू शकतो. मामा सांगत गेला आणि मी लिहिलं. मी काही ठिकाणी हसलो, त्या ओळी त्याने पुन्हा वाचायला लावल्या आणि तशाच ठेवल्या.

"प्रति, माननीय वन्यजीव आयोग. विषय: मांजरवर्गीय प्राण्यांच्या शिकारीच्या नियमांत दुरुस्ती. महोदय, विभाग एकवीसमध्ये अर्जदाराने मादी मारली ती कायदेशीर होती, हे अर्जदारास मान्य आहे आणि त्याबद्दलच त्याची तक्रार आहे. तरी विनंती करण्यात येते की, नियमांत नवे कलम घालून श्रीमती आर्डिथ क्रोग, निवृत्त बसचालक, यांना असा आदेश देण्यात यावा, की त्यांनी अर्जदारास, गावातील किमान दोन जबाबदार व्यक्तींसमोर, मोठ्या आवाजात व मनापासून, एकदा रागवावे. रागावून झाल्यावर 'कशाबद्दल' असे विचारू नये. आणि तसे होईपर्यंत अर्जदाराच्या घरी कॅसरोल आणण्यास संपूर्ण विभागात बंदी घालण्यात यावी. सदर कलम मागील जानेवारीपासून लागू समजावे. कळावे."